बसा बघूया

गोव्यातल्या आमच्या पार्शात खुर्ची करून घ्यायची तर आधी मेस्तापुढे बसून दाखवावं लागतं. शिंपी उभं करून माप घेतो, आमचा सुतार मेस्त बसवून घेतो. स्टुलावर टेकलात की टाचेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत पट्टी लावतो, मग मागे जाऊन पाठ न्याहाळतो आणि निदान सांगतो, "डाव्या अंगावर रेलता तुम्ही. बँकेत असता काय?"

चेहरे त्याच्या लक्षात राहत नाहीत. तलाठी म्हणजे 'तो कडेवर टेकणारा', शाळेतल्या बाई म्हणजे 'पाय वर घेणारी'. त्याची खुर्ची डुगडुगत नाही. डुगडुगलीच तर जमीन वाकडी आणि करकरली तर बसणारा.

हा माज त्याला शोभतो, हेही खरं. मागचा पाय आणि पाठीचा खांब तो एकाच फळीतून काढतो. त्या वळणात लाकडाची रेषा आडवी कापली गेली तर पाय तिथेच मोडणार, म्हणून फणसाची फळी अर्धा दिवस नुसती उलटीपालटी करत बसतो. लोकांना वाटतं, विडी ओढतोय. आडव्या दांड्या चुलीवरच्या माळ्यात खडखडीत वाळवलेल्या, पाय मात्र जरा ओलसर. पाय सुकत जातो तसा दांडीला आवळत जातो; खिळ्याची गरज नाही. पावसात सांधे बसवायचं नाव काढायचं नाही, कारण फुगलेल्या लाकडाचा सांधा चैत्रात ढिला पडतो. तेवढे महिने तो देव्हारे दुरुस्त करतो, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची चौकट ठोकतो आणि दुसऱ्यांच्या फर्निचरवर बोलतो.

२०२३ साली मोपाहून विमानं उडायला लागली, तेव्हापासून गिऱ्हाइकंही लांबून येतात. एक दिल्लीकर मोबाईलवर फोटो घेऊन आले. खुर्ची डेन्मार्कची, पाय करंगळीएवढे. मेस्त कुठलीही खुर्ची आधी खालून बघतो, म्हणून त्याने मोबाईल उलटा केला. मोबाईलने खुर्ची पुन्हा सुलटी केली. असं तीन-चारदा झालं.

"बसणार कोण?"

"गेस्ट."

"वजन?"

शेवटी त्याने त्यांना वोल्तेर करून दिली, म्हणजे लांब हातांची, वेताने विणलेली आपली जुनी आरामखुर्ची. गेस्ट आले की दिल्लीकर स्वतःच तिच्यात पडून असतात म्हणे.

या माणसाला चारचौघांत नेणं मात्र जोखमीचं. भगवतीची पालखी निघाली की लोक देवीला हात जोडतात, हा दांड्याचा सांधा बघतो. पुतण्यासाठी मुलगी बघायला बांद्याला नेलं, तर यजमानांनी पुढे केलेली खुर्ची त्याने बसायच्या आधीच उलटी केली. "ही कोणी केली?" यजमान म्हणाले, "आमच्या आजोबांनी." मेस्त म्हणाला, "लाकूड चांगलं होतं." पोहे आले, मुलगी आली, पत्रिकेवर बोलणं झालं, हा खाली मान घालून पाचर चाचपत होता. निघताना खुर्ची रिक्षात घातली. दुरुस्त करून देतो म्हणाला.

लग्न झालं. पुतण्याचा मुलगा यंदा शाळेत जायला लागला. खुर्ची अजून मेस्ताकडेच आहे, चारी पाय सुटे करून. बांद्याचे यजमान नातवाला बघायला येतात, खळ्यात उभ्याउभ्याच चहा घेतात. व्याही पडले, मागणार कसे? मेस्ताला मात्र वेगळीच शंका आहे.

"यांना बसायचा काय त्रास आहे काय?"