बुलढाणा उरकला

दिल्ली-आग्रा-मथुरा एका दिवसात फिरवून रात्री घरी सोडणाऱ्या टूरवाल्यांना आपण उगीच हसतो. समृद्धी महामार्ग झाला आणि आपला बुलढाणाही त्याच पंगतीला बसला. नांदुरा, शेगाव, लोणार, सिंदखेड राजा, सगळं एका दिवसात. गाडी भाड्याची, आणि ड्रायव्हर सकाळपासून घड्याळ दाखवतोय.

नांदुऱ्याचा मारुती या टूरचा आदर्श देव आहे. 105 फूट उंच आणि राष्ट्रीय महामार्गाला लागून. काच खाली केली की दर्शन, वर केली की एसी चालू.

शेगावात मात्र चप्पल काढावीच लागते. सेवाधारी हात जोडून ‘माउली’ म्हणत रांग पुढे सरकवतो आणि प्रसादाचा कागदही आपण इमानदारीत खिशात ठेवतो. ही इमानदारी देवळाच्या फाटकापर्यंतच टिकते. खामगावच्या रस्त्याला लागेपर्यंत कचोरीचा तेलकट कागद खिडकीबाहेर गेलेला असतो. ही कचोरी शेगावात आणली ती फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या शर्मा कुटुंबानं. म्हणजे उत्तर भारत पाहायचा राहिला तरी खायचा राहत नाही.

मेहकरला थांबायचं नसतं. 1888 साली जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची अखंड काळ्या दगडाची मूर्ती तिथं आहे. इंग्रज ती लंडनला नेतील या भीतीनं गावकऱ्यांनी घाईनं प्रतिष्ठापना उरकली, असं सांगतात. घाई आपल्यालाही आहे, पण आपली जेवणाची.

मग लोणार. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून धोंडा पडला आणि बेसॉल्ट खडकात जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. जगभरातले भूगर्भशास्त्रज्ञ इथं वाकून दगड वेचतात. आपण काठावर उभे राहून म्हणतो, “तयंच तं हाय!” दुसरा विचारतो, “गुलाबी कुठाय?” 2020 च्या जूनमध्ये खारं पाणी आटून क्षार वाढले, मीठप्रिय सूक्ष्मजीव माजले आणि तळं गुलाबी झालं. त्याच वर्षी लोणारला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जाही मिळाला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो फक्त रंग. आता हिरवं पाणी दिसलं की पैसे परत मागावेत असे चेहरे होतात.

खाली उतरायला पायऱ्या आहेत. वाटेत गोड्या पाण्याची धार, खाली गेलं की नाकात चढणारा उग्र वास, झाडीत मोडकी देवळं, काठाला कमळजादेवी. एकाच खड्ड्यात गोडं पाणी आणि खारं तळं, हे पाहायचं तर पायीच जावं लागतं. पण चढायचं कोण? गावातल्या दैत्यसूदन मंदिराबाहेर गाडी लावायला जागा नाही, तेव्हा तेही बाहेरूनच.

सिंदखेड राजाला पोचता पोचता उन्हं कललेली असतात. ज्या लखुजीराव जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला, त्यांना 1629 साली देवगिरीवर निजामशाहीनं लेकांसह दगा देऊन मारलं. गावातली त्यांची समाधी चिरेबंदी आणि भलीमोठी आहे. तिकडं कुणी वळत नाही. वाड्याच्या दरवाजापुढं ‘जय जिजाऊ’ म्हणून एक फोटो, की लगेच समृद्धीवर 120 चा काटा.

घरी विचारलं, कसा वाटला जिल्हा?

“पाहण्यासारखं खास काही नाही हो. पण रस्ता एक नंबर!”