वाहन घेण्याचे कारण

आमच्या पतसंस्थेच्या वाहनकर्जाच्या अर्जात एक रकाना आहे : ‘वाहन घेण्याचे कारण’. नोकरीचं सगळं आयुष्य मी या रकान्यावर लाल पेन फिरवण्यात घालवलं. कुणी ‘शेतीकामासाठी’ लिहिलं की सातबारा मागायचा, ‘दूध व्यवसाय’ लिहिलं की डेअरीची बिलं बघायची. एका पोरानं तर ‘लग्न जमत नाही’ असं सरळ लिहून दिलं होतं. त्याला मी ‘नोकरीनिमित्त प्रवास’ लिहायला लावलं आणि कर्ज मंजूर केलं. (लग्न जमलं. हप्तेही वेळेवर येतात.) आता तोच कोरा अर्ज माझ्याच टेबलावर, माझ्याच नावानं पडलेला आहे, आणि त्या रकान्यापाशी आलं की मला चहा प्यावासा वाटतो.

गाडी हीरोची, एक्सपल्स २१०. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात तिची किंमत जाहीर झाली, १ लाख ७६ हजारांपासून पुढे, आणि तेव्हापासून माझं हिशेबाच्या वहीत लक्ष नाही. ड्युअल-स्पोर्ट म्हणतात त्या जातीची ही गाडी. म्हणजे डांबरावर चालते आणि डांबर संपल्यावरही चालते. या जातीला खरं नाव मिळवून दिलं ते यामाहाच्या डीटी-वननं, १९६८ साली. अमेरिकेतल्या लोकांना चांगला रस्ता सोडून रानात गाडी घालायची हौस होती, त्यांच्यासाठी ती काढली. आमच्या साताऱ्यात अशी हौस कुणाला करावी लागत नाही. पावसाळा आला की रस्ताच आपणहून आम्हाला सोडून जातो.

आईला मी मोबाइलवर फोटो दाखवला. तिनं चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “अरे, ही अशी का उभी? भातलावणीला चिखलात उतरलेल्या बाईनं लुगडं वर खोचावं तशी?”

कंपनीच्या अख्ख्या माहितीपत्रकात इतकं नेमकं वर्णन नाही. पुढचा मडगार्ड चाकापासून चांगला वर घेतलेला, कारण चिखल मध्ये दाटला तर चाकच जाम व्हायचं. पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, दगडाला घासू नये म्हणून. पुढचं चाक २१ इंची, कारण मोठं चाक खड्ड्यात बुडत नाही, त्याच्या काठावरून पुढे निघून जातं. आणि चाकाची वर-खाली होण्याची मुभा पुढे २१० मिलिमीटर, मागे २०५. हे आकडे मला आता मुलीच्या जन्मवेळेपेक्षा चांगले पाठ आहेत. हीच कंपनी डकार शर्यतीतही उतरते, असंही मी आईला सांगितलं. २०२४ साली बोट्स्वानाचा रॉस ब्रांच हीरोच्या गाडीवर तिथं दुसरा आला.

“याच गाडीवर?”

“याच नाही. शर्यतीची वेगळी असते.”

“मग ती घे की,” आई म्हणाली आणि जपाला बसली.

बायकोचं तसं नाही. ती हायस्कूलला गणित शिकवते. तिला मी एबीएसचं बटण समजावून सांगत होतो. एबीएस म्हणजे काय, तर ब्रेक जोरात दाबला तरी चाक जागच्या जागी अडकू देत नाही. क्षणभर सोडतं, पुन्हा धरतं, म्हणून गाडी घसरत नाही. पण सुट्या खडीवर हीच सोय अंगाशी येते. तिथं चाक अडकलं तरच पुढ्यात खडीचा ढीग साचतो आणि गाडी थांबते. एबीएस सोड-धर करत बसलं तर गाडी उतारानं चालतच राहते. म्हणून या गाडीत ते बंद करायची सोय दिली आहे.

“म्हणजे पैसे मोजून घ्यायचं आणि मग बंद ठेवायचं,” ती म्हणाली. “त्याला गाडी कशाला? ट्रेडमिल आहे आपल्याकडे.”

मी विषय करावर नेला, कारण तिथं माझी बाजू भक्कम होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याच्या वरच्या गाड्यांना मात्र थेट ४० टक्के. म्हणजे सरकारनं देशातल्या सगळ्या मोटारसायकलींमधून नेमकी माझी निवडून तिच्यावर हात ठेवला होता. “दहा टक्के वाचले,” मी म्हणालो.

“१२८ चे ११८ झाले. आठ टक्केसुद्धा नाहीत,” ती वह्या तपासता तपासता म्हणाली. “आणि घेतलीच नाही तर शंभर टक्के.”

या उत्तराला गणितात तोड नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तर मी आजवर कुठलीच घेतली नाही. २०११ मध्ये हीरोनं इम्पल्स काढली होती, दीडशे सीसीची, अशीच उंच, अशीच चिखलातली. तेव्हा लोकांना कळलं नाही की ही गाडी नेमकी कुणासाठी. मला कळलं होतं, पण मुलीची शाळा सुरू व्हायची होती. मी पैसे जमवेपर्यंत कंपनीनं ती बंद केली. २०१६ ला रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, तर घराचे हप्ते चालू. २०१९ ला एक्सपल्स २०० आली. ‘उन्हाळ्यात घेऊ’ असं ठरवून मी थांबलो, आणि तो २०२० चा उन्हाळा निघाला. २०२३ मध्ये हिमालयन मोठी झाली, ४५२ सीसी, १९६ किलो. म्हणजे मी गुणिले तीन. घाटात ती आडवी झाली तर उचलायला माझ्यासारखे दोघं अजून लागतील, आणि माझ्यासारखे दोघं अजून घरात असणं बायकोला चालणार नाही.

माझं एक मत झालंय, ते इथं सांगून टाकतो. या गाड्यांची जाहिरात करणाऱ्यांनी एकदा आमच्या पतसंस्थेच्या दारात सकाळी नऊला उभं राहावं. जावळीतल्या एका वाडीतून आमचे एक सभासद दूध घेऊन येतात. गाडी स्प्लेंडर. इंजिन ९७.२ सीसी, वजन ११२ किलो, सीट जमिनीपासून ७८५ मिलिमीटर, आणि पोट आमच्या हिरॉईनपेक्षा साडेपाच सेंटिमीटर खाली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, टाकीवर पोतं, पायात स्लिपर. पावसाळ्यात त्यांच्या वाडीला जो रस्ता आहे तो खरं तर ओढा आहे. ओढा सुट्टीवर असला की लोक त्याला रस्ता म्हणतात. त्यातून हा माणूस रोज वर-खाली करतो, तेही दूध न हिंदकळवता. त्याला ना एबीएस, ना मोड, ना गुडघ्याला कवच. मध्येच फोन आला तर तो मानेत धरून बोलतोसुद्धा. (हे मी सभासदांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनं अयोग्य मानतो आणि तसं त्यांना सांगितलंही आहे.) याला खेळ म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, इतकंच.

त्यांना मी एक्सपल्सचा फोटो दाखवला. साडेचोवीस अश्वशक्ती म्हणालो, सहा गिअर म्हणालो. त्यांनी बोटांनी फोटो मोठा करून मागची बाजू बघितली.

“किटली कुठं अडकवायची, साहेब?”

मी म्हटलं, किटली नाही. मग काय न्यायचं? काही नाही. नुसतं जायचं. कुठं? रानात. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मी ओळखतो. परतफेडीबद्दल शंका आली की मी सभासदाकडे तसाच पाहतो.

बरं, जायचं तरी कुठं? कासचं पठार उशाशी आहे, पण ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथं फुलांवर पाय ठेवला तरी लोक ओरडतात, आणि बरोबर ओरडतात. चाक घालायचा विचार करणाऱ्यालाच फुलांखाली पुरावं. बामणोलीपर्यंत डांबर आहे आणि पुढे कोयनेचं पाणी. यवतेश्वरचा घाट आमची स्कूटरही चढते. आमच्या गावाकडे उसातून जाणारी एक पाणंद आहे खरी, पण तिथं मला या गाडीवर कुणी पाहिलं तर भावकीत निरोप जाईल की धाकट्यानं कर्जवसुलीत हात मारला. उरला तो पोवई नाक्यापासून घरापर्यंतचा रोजचा रस्ता. प्रामाणिकपणे सांगायचं तर २१० मिलिमीटरची खरी गरज तिथंच आहे. हाडांच्या डॉक्टरांनी मला दणके टाळायला सांगितलंय. म्हणून ‘कंबरदुखी’ असं कारण लिहून पाहिलं. पण ते वैद्यकीय कर्जात जातं आणि त्याला रुग्णालयाचं बिल जोडावं लागतं.

एवढं सगळं होईपर्यंत मूळ अडचणीकडे मी वळलोच नव्हतो. मूळ अडचण पायांची. या गाडीची सीट ८३० मिलिमीटरवर आहे. मी रात्री दार लावून, भिंतीला पाठ टेकून, दोन पायांमध्ये पंचांग उभं धरून माप घेतलं : साडेअठ्ठावीस इंच, म्हणजे ७२४ मिलिमीटर. गाडीचा आणि माझा १०६ मिलिमीटरचा मतभेद होता. पुण्यातल्या पुतण्याला फोन केला. तो या विषयातला जाणकार आहे, म्हणजे त्याच्याकडेही गाडी नाही.

“काका, उंचीचं टेन्शन घेऊ नका. दोन्ही पाय टेकायचेच नसतात. सिग्नलला बूड एका बाजूला सरकवायचं आणि एकच पाय टेकायचा.”

“आणि रस्ता दुसऱ्या बाजूला उतरता असेल तर?”

“मग आधीच बघून ठेवायचं कुठल्या बाजूला पडायचंय ते.”

शिवाय बसल्यावर सस्पेन्शन दबतं, माणूस जितका जड तितकं जास्त, असंही तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोटाचा उल्लेख जमेच्या बाजूला केला. मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

अर्जावर सहकर्जदार म्हणून बायकोची सही लागते. हा नियम संस्थेत मीच आणला होता. तिनं अर्ज पेपर तपासायच्या पद्धतीनं वाचला. कारणाच्या रकान्यात मी शेवटी ‘शेतीची देखरेख’ लिहिलं होतं. “अकरा गुंठ्यांत तुमच्या वाट्याला पावणेचार येतात. त्यांच्यावर देखरेख?” तिनं विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, “सही करायच्या आधी मी वस्तू बघते. रविवारी जाऊ.”

शोरूममधल्या पोरानं चाचणीची गाडी बाहेर काढून साइड स्टँडवर लावली. मी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. मग डावा पाय फूटपेगवर ठेवून, घोड्यावर चढायच्या तयारीनं, उजवा पाय पलीकडे टाकला आणि वर पोहोचलो. वरून सातारा फार छान दिसतो. स्टँड काढून गाडी सरळ केली, तेव्हा दोन्ही पायांचे अंगठे जमिनीच्या शोधात होते. पोरानं शिताफीनं मागचं कॅरिअर धरलं आणि धरूनच ठेवलं. “सर, सवयीनं होतं,” तो म्हणाला. मी हँडल दोन्हीकडे फिरवून पाहिलं, डिजिटल पडद्यावरची घड्याळाची वेळ मोठ्यानं वाचली आणि उतरायचा रस्ता विचारला.

“सरा जरा,” बायको म्हणाली.

इथं एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरात माळ्यावरचे डबे तीच काढते. लग्नाच्या फोटोत मी खुर्चीवर बसलोय आणि ती शेजारी उभी आहे, त्याचं कारण फोटोग्राफरला त्याच क्षणी समजलं होतं. पाच फूट सात इंच, माहेर फलटणचं, कॉलेजात खो-खो, आणि थोरल्या भावाच्या राजदूतवर उसाच्या बांधानं शिकलेली.

तिनं ओढणी कमरेला बांधली, एका झटक्यात पाय टाकला, आणि गाडीवर बसली. दोन्ही टाचा जमिनीवर. पोरानं कॅरिअर सोडून दिलं. मग माझ्या हातातलं माहितीपत्रकही हळूच काढून तिच्या हातात दिलं.

“मॅडम, गिअरचं लायसन्स आहे ना?”

“यांच्या आधीचं आहे,” ती म्हणाली आणि बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. तिनं क्लच दाबून पाहिला, एकदा आरसा नीट केला, आरशात मी दिसेपर्यंत.

“अहो, बघत काय बसलात? बसा मागे. आणि हे एबीएस कुठून बंद होतं म्हणालात?”