वॅटमीमांसा : दहा बाय बाराच्या खोलीपुरती

ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा, याबाबत दोन संप्रदाय आहेत. पहिला आकडावादी : वॅट जितके जास्त, तितके गाणे थोर. याचा आधारग्रंथ म्हणजे खोक्यावर छापलेला ‘पीएमपीओ’. तो कसा मोजावा याचे सर्वमान्य प्रमाणच नसल्याने त्याचे खंडन अशक्य आहे. दुसरा शेजारवादी : कोणताही वॅट जास्तच. दोघांनाही गणिताचे वावडे.

समजा, स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅटला १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. ऐकणारा अडीच मीटरवर बसलाय. उघड्या मैदानात यातले ८ गेले असते. पण जोडीचा स्पीकर आणि भिंती बरेचसे परत करतात. कानाशी ८५ धरू. भीमसेनजी अगदी हौसेने लावले तरी सरासरी ७५ पुरे, आणि १० डेसिबल उतरले की वॅट एक दशांश. म्हणजे मैफल ०.१ वॅटमध्ये उरकते. १०० वॅटच्या ॲम्प्लिफायरमधले उरलेले ९९.९ पाहुण्यांना सांगण्यासाठी.

अत्र शंका : तबलजीचे काय? थाप सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट वॅट. ०.१ चे एकदम १० झाले. ५ वॅटचा ॲम्प्लिफायर इथे लहरीचा माथाच सपाट छाटतो; त्यातून मुळात नसलेले उंच स्वर जन्मतात, ट्विटरकडे जातात, आणि हे फार वेळ चालले तर त्याची नाजूक कॉइल जळते. स्पीकर जाळायला दुबळा ॲम्प्लिफायरही पुरतो, हे आकडावाद्यांच्या बाजूचे एकमेव सबळ प्रमाण. ते त्यांना बहुधा ठाऊक नसते. मात्र ५० चे १०० वॅट केल्याने वाढतात ते फक्त ३ डेसिबल.

आता खोली. १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर नेमका अडकतो : मधोमध जवळजवळ नाहीसा, भिंतीपाशी घुमणारा. मराठी घरात सोफा भिंतीला आणि मधून स्वयंपाकघराची वाट. त्यामुळे सोफ्यावरच्यांना बेस फार वाटतो, चहा आणणाऱ्याला मुळीच नाही, आणि ॲम्प्लिफायर बदलावा यावर दोघांचे एकमत होते.

घुमाऱ्याचे शास्त्र वॉलेस सॅबाइन यांचे. हार्वर्डच्या एका व्याख्यानगृहात त्यांनी सँडर्स थिएटरच्या गाद्या वाहून आणल्या आणि ध्वनिशोषण उघड्या खिडकीच्या क्षेत्रफळात मोजले. त्या मापाने बसलेला माणूस म्हणजे साधारण अर्धा चौरस मीटर खिडकी. दिवाळीत चार पाहुणे आले की खोली आपोआप सुधारते. ते बोलू लागल्यास हे प्रमेय रद्द समजावे.

राहिला कायदा. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा ४५ डेसिबल. ती परिसराची आहे, हे खरे. पण वरच्या मजल्यावरचे काका परिसर स्वतःच्या उशीपासून मोजतात. आपल्या सोफ्यावरच ४५ ठेवायचे, तर वरील गणिताने ०.०००१ वॅट लागतो. एवढ्या ताकदीचा ॲम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडवरही मिळत नाही.