आप्पांचा भाव

जळगावच्या प्रत्येक कॉलनीत एक आप्पा असतात. कुठे त्यांना बापू म्हणतात, कुठे नाना, माल एकच. कुणाच्या हातात भरलेली पिशवी दिसली की यांचा प्रश्न ठरलेला : "कितीला दिली?" तुम्ही काय आणलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. तुम्ही आकडा सांगता. आप्पा बोलत काहीच नाहीत, नुसतं 'च्' करतात. त्या 'च्'मुळे तुमची तूरडाळ कुकरला लागायच्या आधीच करपते.

आप्पांचं आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होत नाही. होळी झाली, गच्ची तापायला लागली, की ते सुरू होतं. उडदाचे पापड, ज्वारीच्या बिबड्या, गव्हाच्या कुरडया, शेवया, मुगाच्या वड्या. पूर्वी हे सगळं आप्पांच्या पत्नी, जिजी, स्वतः करायच्या. आता जिजींच्या गुडघ्यांनी गच्चीचा जिना चढायला नकार दिल्यापासून खातं आप्पांकडे आलं आहे. शहरातला एकही महिला बचत गट त्यांच्या तपासणीतून सुटलेला नाही. बहिणाबाई महोत्सवात लोक खायला आणि गाणी ऐकायला जातात, आप्पा भाव लिहून आणायला जातात.

त्यांची पापड बघण्याची रीत अशी : आधी पापड उजेडाकडे धरायचा, मग कोपरा मोडून कच्चाच जिभेवर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. गटाच्या ताई हातातलं काम थांबवून निकालाची वाट बघतात.

"पापडखार जास्त पडला, ताई."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाले होते, आप्पा. वर दोन किलो नेले होते!"

"म्हणून तर खात्रीने सांगतो ना. संपवले ते आम्ही."

बँकेतून निवृत्त झाल्यामुळे आप्पांना कायदे तारखेसकट पाठ असतात. पापडाला जीएसटी नाही, हे ते दुकानदाराला स्वतःहून सांगतात. १८ जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या पॅकबंद डाळीला पाच टक्के लागले, सुट्या डाळीला नाहीत. तेव्हापासून त्यांच्या घरात छापील पिशवी आलेली नाही. २०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा बामणोद-आसोद्यापर्यंत सगळ्यांची मान ताठ झाली. आप्पा तेवढे चिंतेत पडले. "आता वांगं नाव सांगून पैसे मागणार," ते म्हणाले.

आखाजीनंतर लोणच्याच्या कैऱ्या येतात. अडकित्ता घेऊन बसलेला कैरीवाला आप्पांना लांबूनच ओळखतो. कैरी अख्खी तोलायची, मग फोडायची, फोडायचे पैसे वेगळे, हा बाजाराचा नियम. आप्पांचा त्यावर मूलभूत आक्षेप.

"कोय तू फेकून देतोस. मग तोलताना कोयीसकट का तोलतोस, भो?"

"मंग केळं तुम्ही सालीसकट नही घेत का, आप्पा?"

"केळी आम्ही डझनावर घेतो," आप्पा म्हणाले, "तोलून नाही."

केळ्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला केळ्यात हरवायला निघालेला तो कैरीवाला अडकित्ता हातात धरून बसूनच राहिला. फोडणावळ त्या दिवशी माफ झाली.

ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट केली आणि आप्पांचा बाजार थेट धुळ्यापर्यंत पसरला. लोक पंच्याहत्तरीला तुला करतात, आप्पांनी आधार कार्ड लॅमिनेट केलं. तिथल्या पाच कंदिलाच्या बाजारात शेंगदाणे किलोमागे चार रुपयांनी स्वस्त आहेत, अशी कुणकुण लागली की सकाळच्या गाडीने एरंडोल, पारोळा करत धुळे. जिजींना नेत नाहीत. बायकांना अर्धं तिकीट असलं तरी ते अर्धं पडतंच, आणि तेवढ्यात शेंगदाण्याचा भाव बिघडतो.

पाच किलोमागे वीस रुपये वाचवून ते संध्याकाळी परतले, तेव्हा मी हिशेब विचारला. धुळ्याच्या स्टँडवर दहाचा चहा, पारोळ्याला वीसची भजी. "म्हणजे दहा रुपये तोटाच की, आप्पा."

"भूक जळगावातही लागलीच असती ना? ती शेंगदाण्यावर कशी टाकता?"

दाणा बाजारातल्या एका व्यापाऱ्याने मला खासगीत सांगितलं, की आप्पा कोपऱ्यावर दिसले की तूरडाळ पाच रुपयांनी चढते. मग अर्धा तास घासाघीस, चहा, धुळ्याच्या भावांची फुकट बातमी, आणि शेवटी पाच रुपये उतरतात. दोघंही खूश. मी हे आप्पांच्या कानावर घातलं. ते जराही चमकले नाहीत. "मला ठाऊक आहे. म्हणून तर मी सात उतरवतो."

एकदा गादीवर व्यापाऱ्याचा मुलगा होता. त्याने पहिल्या दमात खरा भाव सांगून टाकला. आप्पांनी डाळ मुठीत घेतली, परत पोत्यात सोडली आणि न घेता घरी आले. "माल जुना दिसतो," एवढंच म्हणाले. दोन दिवस त्यांचा चेहरा उतरलेला होता.

यंदा सुटीत पुण्याहून नातू आला. त्याने मोबाइल पुढे केला. तीच डाळ, घरपोच, दाणा बाजारापेक्षा आठ रुपयांनी स्वस्त, आणि एसटीही नको. कॉलनीतले आम्ही चार जण ओट्यावर श्वास रोखून बघत होतो. आप्पांनी चष्मा लावला, आकडा दोनदा वाचला, मोबाइल उलटा करून पाठीमागूनही पाहिला.

"भाव बरा आहे," ते म्हणाले. "आता फोन लाव आणि विचार त्याला, दहा किलो घेतली तर कसं लावशील?"