ओळंबाकाका

शिवाजी पार्कच्या कट्ट्याला पाठ नाही. ही गोष्ट हेरून तिचं तत्त्वज्ञान करणारा माझ्या माहितीत एकच माणूस आहे: ओळंबाकाका. मैदानाभोवती जवळपास बाराशे मीटर फिरलेला हा कट्टा. संध्याकाळी अर्धं दादर-माहीम त्यावर बसतं, पण टेकायला काहीच नाही. "मुद्दाम नाही ठेवलेली," काका सांगतात. "बांधणारा शहाणा होता. माणसाला पाठ देवानं दिलीये, परत म्युन्सिपाल्टीनं कशाला द्यायची?"

काकांचं खरं नाव कट्ट्यावर कुणी विचारत नाही. ते बांधकामावर सुपरवायझर होते आणि उभा जन्म भिंती ओळंब्यात आहेत की नाहीत हे बघण्यात गेला. निवृत्त झाल्यावर भिंती सुटल्या, डोळा सुटला नाही. आता तो माणसांवर फिरतो. समोरून एखादे ढेरपोटे गृहस्थ आले की काका शेजारच्याला हळूच सांगतात, "भिंतीनं पोट काढलंय." लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर टाकून कुणी चाललं की, "उजवीकडे दीड इंच खचलाय." हे हळूच सांगणं पलीकडच्या झाडाखाली क्रिकेट बघणाऱ्यांनाही ऐकू जातं, ते का, हे पुढे येईल.

त्यांचं खास भक्ष्य म्हणजे मोबाइलमध्ये मान खुपसून बसलेला कॉलेजकुमार. काका त्याच्यापुढे उभे राहतात. "बाळा, डोकं किती वजनाचं असतं माहितीये? साडेचार-पाच किलो. सरळ असताना. असं साठ अंशात वाकवलंस की मानेवर सत्तावीस किलो. सिमेंटची गोण पन्नासची. म्हणजे अर्ध्याहून जास्त गोण मानेवर घेऊन तू रील बघतोयस."

आकडा काकांचा नाही. न्यूयॉर्कच्या एका मणक्याच्या सर्जननं 2014 साली तो मांडला होता. तो संगणकावरच्या प्रतिकृतीतून काढलेला हिशेब आहे, कुणाच्या मानेला वजनकाटा लावलेला नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "आमचे स्लॅबही आधी कागदावरच उभे राहतात," काका म्हणाले. विषय संपला.

पोरगा ताठ झाला की दुसरा कुणी निघून गेला असता. काका तिथंच बसतात. "हां, आता बोल. मूळ गाव कुठलं?" मग आई काय करते, परीक्षा कधी, हॉस्टेलचं जेवण कसं, इथपर्यंत गाडी येते. पोरगा आधी एकेका शब्दात उत्तरं देतो, मग वाक्यात, आणि शेवटी न विचारलेलंही सांगून टाकतो. कट्ट्यावरच्या प्रत्येकाची माहिती काकांकडे अशीच जमा आहे. कुणाच्या चाळीचा पुनर्विकास अडलाय, कुणाच्या मुलीचा इंटरव्ह्यू मंगळवारी आहे, कोणत्या बँकवाल्या साहेबांना बायको गेल्यापासून रात्री झोप लागत नाही. बँकवाले साहेब पूर्वी एकटे चार फेऱ्या मारून घरी जायचे. आता एकच फेरी मारतात आणि तासभर बसतात. काकांच्या मते त्यांचा कणा सुधारलाय.

सुधारलाय हे खरं, पण श्रेय मी ओळंब्याला देत नाही. श्रेय काकांच्या डाव्या कानाला आहे. काँक्रीट मिक्सर आणि ब्रेकर यांच्या शेजारी नोकरी काढल्यानं तो कान जवळजवळ गेलेला. त्यांच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. आवाजाला हवा लागते, आणि पोक काढून बसलं की फासळ्या नि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाची कोंडी होते. म्हणून बोलणारा आपोआप छाती उघडतो, हनुवटी वर घेतो, काकांच्या तोंडाकडे बघतो. दहा मिनिटांच्या गप्पांत जे होतं ते "ताठ बस"ने वर्षभरात झालं नसतं.

मध्यंतरी कट्ट्यावर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. तिनं काकांना सरळ सांगितलं, "काका, तासभर ताठ बसणंही वाईटच. मणक्यांमधल्या चकत्यांना थेट रक्तपुरवठा नसतो, हालचाल झाली की त्यांना पोषण मिळतं. एक आदर्श बैठक नसते. बदलत राहायची." भिंतीनं अधूनमधून हलावं, हे ऐकून काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवसापासून दर अर्ध्या तासानं ते सगळ्यांना उठवून उद्यान गणेश मंदिरापर्यंत चालवत नेतात. कल्पना स्वतःची असल्याचं ते त्या मुलीलाही सांगतात.

संशोधनाशी त्यांचं नातं एकूण असंच आहे. हार्वर्डवाले 1938 पासून माणसांच्या आयुष्याचा माग काढताहेत आणि पन्नाशीतली जिव्हाळ्याची नाती ऐंशीतल्या तब्येतीबद्दल कोलेस्टेरॉलपेक्षा जास्त सांगतात असं त्यांना आढळलं, हे मी काकांना ऐकवलं. "एवढी वर्षं? मला विचारलं असतं तर संध्याकाळपर्यंत सांगितलं असतं." उलट, दोन मिनिटं ऐटीत बसलं किंवा उभं राहिलं की शरीरातले हार्मोन बदलतात, हा 2010 चा गाजलेला अमेरिकन दावा त्यांना मनापासून पटलेला आहे. पुढच्या मोठ्या प्रयोगात हार्मोन काही हलले नाहीत आणि मूळ संशोधकांपैकी एकीनं स्वतःच त्यावरचा विश्वास काढून घेतला. काका सोसायटीच्या मीटिंगला अजून तसेच उभे राहतात. पार्किंगचा ठराव पासही होतो, पण तो आवाजामुळे.

काकूंना मात्र यातलं काही खरं वाटत नाही. "घरी येऊन बघा," त्या म्हणाल्या. "सोफ्यावर असे पसरलेले असतात, हनुवटी छातीवर. धोतराच्या घडीला जास्त कणा असेल." मी कारण विचारलं. काकूंच्या मालिका साडेसात ते साडेनऊ चालतात आणि तेवढ्या वेळात घरात बोलायला बंदी आहे.

तुमची पाठ बसून बसून आखडली असेल, तर संध्याकाळी सहाच्या सुमाराला या. फोन खिशात ठेवा आणि काकांच्या डाव्या हाताला बसा, उजवीकडे बसून उपयोग नाही. पायाला मुंग्या येत असतील, हात बधिर होत असेल किंवा रात्री दुखण्यानं जाग येत असेल, तर मात्र कट्टा सोडा आणि आधी डॉक्टर गाठा. काकांना विचारलंत तर ते भिंत पाडून नवी बांधायला सांगतील.