अगं बाई, पायाला हॅट!

तशी मला दुसऱ्याच्या घरात डोकवायची सवय नाही. पण दार उघडं असलं, आतून राळ जळल्याचा वास जिन्यापर्यंत आला आणि पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ कपाळाला टॉर्च बांधून जेवणाच्या टेबलावर वाकलेला दिसला, तर शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही? नेरुळमधली आमची सोसायटी, बी विंग, तिसरा मजला. नाव सांगणार नाही. चांगल्या घरचा माणूस आहे. महापेला नोकरी, घराचं कर्ज फिटलेलं, दारू नाही, सिगरेट नाही, शेअर बाजारसुद्धा बेताचाच. म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

"वहिनी, भाऊजी हे काय करतायत?" मी हळूच विचारलं.

"पायाला हॅट घालतायत," वहिनी गवार मोडता मोडता म्हणाल्या. आवाजात राग नाही, लोभ नाही. आयसीयूबाहेर तिसऱ्या दिवशी बसलेल्या नातेवाइकाचा असतो ना, तसा.

आता तुम्हाला म्हणून सांगते. पाय म्हणजे रास्पबेरी पाय. क्रेडिट कार्डाएवढी हिरवी पाटी आणि तिच्यावर अख्खा संगणक. केंब्रिजच्या मंडळींनी शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून तो काढला. २९ फेब्रुवारी २०१२ला, ३५ डॉलरला, पहिला पाय बाजारात आला. म्हणजे मेल्याचा वाढदिवससुद्धा चार वर्षांतून एकदा. झालं काय, पोरं रील्स बघत बसली आणि पाय बापांच्या हाती लागला. त्या पाटीच्या कडेला ४० पिना असतात. त्यांच्यावर जी दुसरी पाटी बसते तिला हॅट म्हणतात. हार्डवेअर अटॅच्ड ऑन टॉप, त्याचं लघुरूप. डोक्यावर घालायची वस्तू पायाला घालायची, इथूनच घराची घडी विस्कटायला सुरुवात होते.

हॅटवर असतो डॅक. डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजे आकडे घेऊन त्यांचं गाणं करणारा दुभाषा. या सगळ्याची मिळून जी पेटी होते तिला स्ट्रीमर म्हणायचं. तिला स्वतःचा आवाज नाही. हार्ड डिस्कवरून नाहीतर इंटरनेटवरून गाणं उचलायचं आणि मुकाट्याने ॲम्प्लिफायरच्या दारात टाकायचं. थोडक्यात, पोस्टमन. आणि पोस्टमनने पाकीट फोडून वाचू नये, एवढ्याचसाठी भाऊजींनी लॉकडाउनपासून जिवाचं रान केलंय.

"पण मोबाइलवरून ब्लूटूथने लावलं तर?" मी विचारलं. सोवळ्यातल्या माणसाला 'कांदा चालेल का' विचारावं, तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग टॉर्च माझ्या तोंडावर तशीच ठेवून त्यांनी मला शिकवलं. सीडीवर, म्हणजे १९८२ पासून, एका सेकंदात प्रत्येक कानासाठी ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं असतं. दोन्ही कान मिळून सेकंदाला १४ लाखांवर बिट. एमपीथ्रीमध्ये 'हे यांना ऐकू येणार नाही' असं परस्पर ठरवून त्यातलं बरंच गाळतात. ब्लूटूथ जाता जाता आणखी दाबतं. फ्लॅकचं तसं नाही. २००१ साली आलेला हा प्रकार, फुकट. पैठणीची घडी घालावी तसं गाणं निम्म्या जागेत बसवतो. उलगडलं की एक धागा कमी नाही. पैठणीचं उदाहरण त्यांनी वहिनींकडे बघत दिलं. वहिनींनी गवार जरा जोरात मोडली.

आणि ऐका, स्फटिकांतही घराणी असतात! ती ४४,१०० मापं एकसारख्या लयीत बाहेर पडली पाहिजेत. लय किंचित हलली की त्याला जिटर म्हणायचं. म्हणून चांगल्या हॅटवर स्फटिकाची दोन घड्याळं. एक २२.५७९२ मेगाहर्ट्झचं, सीडीच्या घराण्यासाठी, दुसरं २४.५७६चं, ४८ आणि ९६ किलोहर्ट्झवाल्यांसाठी. एकाने दुसऱ्याचं गाणं हाती घ्यायचं नाही. कोण कुणाकडे गंडा बांधतो याची चौकशी गवयांच्या बाबतीत करायची हे मला माहीत होतं. क्वार्ट्झच्या बाबतीत करावी लागेल असं वाटलं नव्हतं.

लोक पैसे टाकून घरात काही आणतात. हे पैसे टाकून काढतात. पायाचं वायफाय काढलं. ब्लूटूथ काढलं. टीव्हीची जोडणी बंद केली. पंखा नकोच. मग मोबाइलचा चार्जर काढला, कारण त्यातला करंट 'घाण' असतो. आत सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद चाललेलं असतं आणि त्याची कुजबुज गाण्यात उतरते. त्याच्या जागी लिनियर पॉवर सप्लाय. ही खास चीज. आत मेदूवड्यासारखा टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर, तांब्याच्या तारेने लपेटलेला. शेजारी ४,७०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरची पलटण, चिवड्याच्या डब्यांसारखी. पुढे रेग्युलेटर, त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमचे पंख. पायाचं वजन पन्नास ग्रॅमच्या आत. त्याला पाच व्होल्ट भरवणाऱ्या दाईचं तीन किलो! ॲल्युमिनियमची पेटी रबाळेच्या एका वर्कशॉपात कापून आणली, पुढे निळा दिवा बसवला. मग अंधारात ऐकताना तो निळा दिवा डोळ्यांत खुपायला लागला. म्हणून त्याच्यावर काळी चिकटपट्टी. ही चिकटपट्टी लक्षात ठेवा.

सामान कुठून आणतात म्हणाल तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण कॅपॅसिटर मागणारा माणूस ते नाव कधी घेत नाही. नेरुळहून हार्बर, मध्य, पश्चिम अशा तिन्ही मार्गांना पुण्य देत ग्रँट रोडला उतरायचं आणि संध्याकाळी दोन रुपयांचे दहा रेझिस्टर आणि लस्सी-सँडविचची दोनशेची पावती घेऊन परतायचं. महापेच्या एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक झोन म्हणून भागच आहे, तो रोज ऑफिसला जाताना ओलांडतात. पण काशीला गेल्याचं पुण्य गल्लीतल्या शंकराकडे थोडंच मिळतं?

दुःखं तरी किती सोसली! ऑक्टोबर २०२०मध्ये जपानात नोबेओका गावी डॅकच्या चिपा करणारा असाही कासेईचा कारखाना जळाला. जगभरच्या कंपन्यांना आपली यंत्रं दुसऱ्या चिपांवर बेतावी लागली. नेरुळात भाऊजींनी दोन दिवस दाढी केली नाही. वहिनींनी माहेरी फोन लावून 'कुणी गेलं नाही' असा खुलासा केला. मग जगात चिपांचा दुष्काळ पडला. पाय मिळेना, मिळाला तर दुप्पट भावाने. आमच्या सासऱ्यांच्या काळी रेडिओ ठेवायलासुद्धा पोस्टातून लायसन्स काढावं लागे. तेव्हा लोक कुरकुरत. आता वाटतं, काही गोष्टींत सरकारला जास्त कळत होतं.

बरं, एवढं करून ऐकायचं कुठे? नवी मुंबईत! खाडीची खारी हवा, पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. बाहेर जुन्या इमारतींच्या रिडेव्हलपमेंटचे धडाके, खाली रिक्षा. यांच्या पेटीतला आवाज व्होल्टच्या लाखाव्या भागापर्यंत शांत, आणि खिडकीबाहेर जमिनीत खांब ठोकतायत. म्हणून पहाटे चार ते सहा ही ऐकण्याची वेळ. सहाला सोसायटीचा पंप लागतो आणि स्पीकरमध्ये 'टक्' होतं. लिफ्ट हलली की आणखी एक. त्यावर यांनी कमिटीला लेखी अर्ज दिला: पंपाची वेळ अर्ध्या तासाने पुढे न्यावी, कारण 'संगीतात व्यत्यय'. चेअरमनकाकांनी सर्वसाधारण सभेत तो वाचून दाखवला. पाण्याच्या प्रश्नावर ए विंग आणि सी विंग एकत्र आलेल्या मी पहिल्यांदा पाहिल्या.

गंमत पुढेच आहे. गाणी म्हणे 'क्लाउड'वर असतात. ढग कुठे असतो? महापे, रबाळे, ऐरोलीच्या पट्ट्यात जी बिनखिडक्यांची अवाढव्य डेटा सेंटरं उभी राहिलीत ना, ढग तिथे असतो. काँक्रीटचा, एसी लावलेला. भाऊजी ज्या रस्त्याने ऑफिसला जातात त्याच रस्त्याला. तिथे हजारो यंत्रं घोंघावत असतात, हजार स्विच आणि राउटर ओलांडून ते आकडे नेरुळात येतात, आणि शेवटच्या दीड मीटर वायरीत ते विटाळू नयेत म्हणून हे जागरण.

मी एकदा स्पष्टच बोलले. म्हटलं, "भाऊजी, हे जरा अती होत नाही का?"

त्यांनी डाख दिलेल्या सांध्यावर फुंकर घातली. "वहिनी, मिरजेला तंबोरा करणारे जवारी लावताना कधी बघितलेत? घोडीवर कानशीने घासायचं, तार छेडायची, परत घासायचं. मग तारेखाली सुताचा दोरा, केसभर इकडे, केसभर तिकडे. गवई मैफलीआधी तंबोरे जुळवत बसतो, त्याला कुणी वेडा म्हणतं?"

मला क्षणभर पटलं. लाज वाटते सांगायला, पण पटलं. मग म्हटलं, "गवई तंबोरा जुळवून झाल्यावर गातो तरी."

ते काही बोलले नाहीत. कारण आता खरी कुजबुज ऐका. एवढ्या वर्षांत या माणसाने एक गाणं पूर्ण ऐकलेलं नव्हतं! किशोरीताईंचा भूप लावायचा, तंबोऱ्यांचा झंकार, पहिला स्वर, "ऐकलंत? मागची हवा ऐकलीत?" की बंद. पेटी उघडायची, वायर बदलायची, परत पहिल्यापासून. आमच्या विंगमधल्या पोरांना भूपाचं पहिलं दीड मिनिट पाठ होतं आणि पुढे तो राग कुठे जातो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कधी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी. १९३७ साली गेले बिचारे. त्यांच्या त्या तीन-साडेतीन मिनिटांत अर्धी खरखर. ती खरखर आता अगदी निर्भेळ ऐकू येते.

तर गेल्या वर्षी गणपतीच्या आधी नवे कॅपॅसिटर आले. ते म्हणे लगेच ऐकायचे नसतात. मुरू द्यायचे! शंभर तास गाणं चालू ठेवायचं, हात लावायचा नाही. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, आता करंट मुरतो. पेटी कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवली आणि घरात सगळ्यांना ताकीद दिली.

हरतालिकेच्या संध्याकाळी भाऊजी मूर्ती आणायला गेले. मखर तयार, तोरण तयार, आणि माळेसाठी प्लग मोकळा नाही. वहिनींनी एक्स्टेन्शन बोर्डातून त्या तीन किलोच्या दाईची पिन उपसली आणि माळ लावली. गाणं थांबलं. बोर्डात मोबाइलचा जुना चार्जर होताच. त्याची वायर पायात खुपसली. मिनिटभराने गाणं सुरू झालं. गणपती पाच दिवसांनी गेले, गौरी गेल्या, माळ तिथेच राहिली. दिवाळीला परत लावायची आहे ना.

सहाव्या दिवशी पहाटे भाऊजी ऐकायला बसले. निळा दिवा विझलेला दिसावा तर त्यावर चिकटपट्टी त्यांनीच लावलेली. भूप सुरू झाला. तंबोरे. पहिला स्वर. वहिनी आतून कानोसा घेत होत्या. आता बंद होणार. झाला नाही. दीड मिनिट गेलं, पाच मिनिटं गेली. पंप लागला, 'टक्' झालं, ते हलले नाहीत. आलाप संपला, बंदिश झाली, द्रुत झाली. वहिनी बाहेर आल्या तर डोळे मिटून बसलेले. म्हणाले, "बघ. मुरला."

त्यांचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याचं म्हणणं, हॅटवर स्वतःचा रेग्युलेटर असतो, चार्जरचा बराचसा कचरा तो आधीच गाळून टाकतो. पण हे तो बाबांसमोर म्हणत नाही. वहिनींनी मला सांगितलं, मी फक्त डी विंगच्या सुलूमावशींना सांगितलं आणि आता कमिटीला, वॉचमनला, इस्त्रीवाल्यालासुद्धा माहीत आहे. एका माणसाला सोडून. ज्या सोसायटीत कुणाच्या घरी किती किलो हापूस आला हे संध्याकाळपर्यंत जाहीर होतं, तिथे हे गुपित वर्षभर टिकलंय. राळेचा वास नाही, टेबलावर जेवता येतं, आणि पहाटे जिन्यात अख्खा राग ऐकू येतो. तुम्हीही कुठे बोलू नका हं.

आणि त्या दाईचं म्हणाल, तर ती अजून कपाटामागे, चिकटपट्टी लावून, तशीच बसलीय. भाऊजींना तिच्याकडून हवं होतं तेच ती आता करते. गाण्यात काहीही मिसळत नाही.