जावईबापू, ॲप पोचलं. बस अजून यायची आहे

चि. जावईबापूंस,
मुक्काम वाकड, पुणे

 

सोलापूरहून हे पत्र खुलं लिहितोय, कारण घरात तोंड उघडलं की सौ. डोळे वटारतात. जावयाचं बोलणं खोडायचं नसतं, मग जावई शेअर बाजारावर बोलत असो की महापालिकेच्या परिवहनावर. दिवाळीत तुम्ही दिवाणावर बसून आमच्या शहराची वाहतूक, देशाचं तंत्रज्ञान आणि माझ्या मुदतठेवी, तिन्हींचा निकाल एका बैठकीत लावलात. मी मान डोलावत राहिलो. निघताना शेंगाचटणीची पिशवी हातात देता देता दोन शब्द बोलणार होतो, पण तेवढ्यात तुमची कॅब आली आणि तिचं थांबायचं भाडं मिनिटाला चढतं, असं तुम्हीच म्हणालात. म्हणून हे सविस्तर.

आधी तुमच्या त्या सिटीबसच्या ॲपबद्दल. ते देखणं आहे. सात रस्ता, पार्क चौक, कन्ना चौक, आसरा, बाळे असे सगळे थांबे निळे ठिपके होऊन बसलेत. बस निघाली की हिरवी खूण सरकायला लागेल, असं शिकवून गेलात. मी रोज बघतो. निळं सगळं दिसतं. हिरवं काही दिसेना म्हणून फोन केला, तर तुम्ही म्हणालात, ‘बाबा, बॅकएंडला डेटा येत नाहीये.’ डेटा अगदी बरोबर येतोय, जावईबापू. येत नाही ती बस.

बसच्या वेळा मांडायची जीटीएफएस पद्धत समजावलीत, ती मात्र मनापासून आवडली. 2005 साली अमेरिकेत पोर्टलंडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने आणि गूगलने मिळून ही पद्धत बसवली आणि आज जगभरच्या बस-रेल्वेच्या वेळा नकाशावर दिसतात त्या तिच्यामुळे. मला वाटलं होतं, काहीतरी अगडबंब प्रकरण असेल. निघाल्या साध्या मजकुराच्या फायली. थांबे कुठले, मार्ग कुठले, फेऱ्या कुठल्या आणि कुठल्या थांब्यावर किती वाजता. सगळं स्वल्पविराम देऊन लिहायचं आणि झिप करून पाठवायचं. जन्मभर बँकेत खतावण्या जुळवलेल्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. दिल्लीने 2018मध्ये आपल्या बसची अशी माहिती सगळ्यांसाठी खुली केली. सोलापूरनेही करावी, यावर आपला वाद नाही. माझं अडतं ते त्या शेवटच्या फायलीपाशी. तिथे ‘किती वाजता’ असा रकाना आहे. ‘आली तर’ असा नाही.

सोलापूरला नवं काही झेपत नाही, हे तुमचं आवडतं वाक्य. नवं आम्ही भरपूर झेललंय. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून नव्याकोऱ्या बस आल्या, तेव्हा शहर हरखून गेलं होतं. मग त्यांच्या चेसींनाच तडे गेल्याचं निघालं. गाड्या उभ्या राहिल्या, बस बनवणाऱ्या कंपनीशी भांडण लवादापर्यंत पोचलं, इकडे परिवहनच्या कामगारांचे पगार थकले, संप झाले. 2016च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस नावं जाहीर झाली, त्यात पुणे दुसरं आणि आपण नववे. नववा नंबर आला म्हणून आम्ही पेढे वाटले आणि पेढ्यावर पाणी प्यायला नळ कधी येतो याची चौकशी केली. चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्याची वेळ इथली कुठलीही बाई शेजारच्या गल्लीतल्या एका फोनवर बरोबर ओळखते. तुम्ही आर्टिफिशियल इंटेलिजन्सने बसची वेळ ओळखायचं म्हणता. ओळखा की. आमच्या बायकांना त्या कामाचा अनुभव आहे, विचारून बघा.

रिक्षांना तुम्ही ‘असंघटित आणि अकार्यक्षम’ म्हणालात, ते मला लागलं. तुम्ही आमच्याच बाळीवेशीत वाढलात, इथेच इंजिनिअर झालात, सीटच्या रिक्षाने कॉलेजला गेलात. आठवून बघा. सीट भरल्याशिवाय रिक्षा हलत नाही, त्याला तुमच्यात लोड फॅक्टर म्हणतात. पुढे मिरवणूक दिसली की गडी बोळात वळवतो, ते डायनॅमिक रूटिंग. चौथा माणूस स्वतःच्या सीटवर अर्धा बसवून घेतो आणि पाचवा आला की मागच्यांना ‘सरका की बे जरा’ म्हणतो, ते स्केलिंग. रात्री पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस आली की स्टेशनबाहेर भाडं वाढतं, ते सर्ज प्राइसिंग. त्याला परदेशातला सर्व्हर लागत नाही, इंजिनाचा भोंगा पुरतो. वर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू, चारही भाषांत भांडायची सोय. हे सगळं एका खाकी शर्टाच्या डोक्यात चालतं आणि त्याने कधी गुंतवणूकदारांसमोर स्लाइड दाखवल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता उणं बोलायचं तर तेही खरं आहे. परवान्यापेक्षा माणसं जास्त, पावसात एका बाजूचं अंग भिजणार, सीट भरेपर्यंत कामाची वेळ टळणार, आणि रात्री बाईमाणूस एकटं असेल तर घरचे दारात उभे. पण यातलं काही तुमच्या ॲपने जाणार आहे का? रिकाम्या रस्त्याचा नकाशा कितीही रंगवला तरी तो रिकामाच.

मग तुम्ही सोलापूरसाठी मेट्रो काढलीत. 2011च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं होतं. नाशिक आपल्याहून मोठं, त्याच्या मेट्रोसाठी 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 2,092 कोटींचा आकडा वाचून दाखवला होता. नाशिककर अजून सिटीलिंकच्या बसमध्येच चढतात. आणि हे तुम्ही मला हिंजवडीत नोकरी करून सांगावं? त्या मेट्रोची पायाभरणी 18 डिसेंबर 2018ला झाली. तिचे खांब उभे राहायला लागल्यापासून तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्यांच्याखाली अडकून मला फोन करता. आमच्या मुलीशी तुमचं जमलं तेही त्याच कोंडीत, एवढा एक उपकार त्या रस्त्याच्या नावावर आहे.

लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर आमचं बरं चाललंय. 10 फेब्रुवारी 2023पासून मुंबईला वंदे भारत आहे. विमानतळासाठी तर सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आडवी येत होती, ती 15 जून 2023ला पाडली. 2024च्या सप्टेंबरात विमानतळाचं उद्घाटन झालं, 2025च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. म्हणजे सोलापुरातून मडगावची मासळी गाठायची तर सरकारने वाट मोकळी करून ठेवलीय. कुंभारीहून साखर पेठ गाठायची असेल, तर मात्र आपापलं बघावं.

कुंभारी मुद्दाम काढली. तिथे विडी कामगार बायकांच्या दहा हजार घरांची वसाहत 2006 सालीच झाली. मग रे नगर उभं राहिलं, असंघटित कामगारांची तीस हजार घरं, आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या किल्ल्या 19 जानेवारी 2024ला पंतप्रधानांनी येऊन दिल्या. देशात गाजावा असाच हा प्रकल्प, त्यात वाद नाही. पण घर शहराबाहेर गेलं आणि काम शहरात राहिलं. यंत्रमाग, शिलाई, धुणीभांडी, विड्या नेऊन द्यायच्या, पान-तंबाखू घेऊन यायचं. तिथल्या बाईच्या हातात फोन आहे, त्यात यूपीआय आहे, भाजीवाल्याला ती क्यूआर दाखव म्हणते. तंत्रज्ञान तिच्यापर्यंत कधीच पोचलंय. बस पोचायची राहिली.

आमच्याकडे येणाऱ्या विडीवाल्या मावशींना तुम्ही दिवाळीत एसआयपी समजावलीत. पाचशे रुपयांपासून सुरुवात, चक्रवाढ, वीस वर्षं, सगळा आलेख मोबाइलवर. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘हजार विड्यांच्या मजुरीतनं रिक्षाचे गेल्यावर जे राहतंय, त्यातनं का आधी?’ तुम्ही ‘चांगला प्रश्न आहे’ म्हणालात आणि फराळाकडे वळलात. उत्तर राहूनच गेलं. मी सुचवतो. रिक्षाऐवजी बस मिळाली, तर जाऊन-येऊन जे वाचेल ते खुशाल तुमच्या फंडात घाला.

आता माझ्या ठेवी. एफडीतला पैसा महागाई खाते, हे तुमचं म्हणणं गणिताने बरोबर आहे. पण सोलापूरकराला महागाईपेक्षा एका तारखेची भीती जास्त वाटते. 22 सप्टेंबर 2022ला रिझर्व्ह बँकेने इथल्या लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. ठेवींवरचा विमा 1 लाखाचा 5 लाख झाला तो 2020च्या फेब्रुवारीत, म्हणून पुष्कळांचं निभावलं. जन्मात इंग्रजी पेपर न वाचलेली माणसं त्या दिवसांत डीआयसीजीसी ही विमा देणाऱ्या महामंडळाची अक्षरं न अडखळता म्हणत होती. म्हणून माझे पैसे तीन बँकांत, प्रत्येकी पाच लाखांच्या आत. तुम्ही हसलात. हसा. पण मग तुमच्या त्या ‘एफ अँड ओ’चंही, म्हणजे फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांचंही, जरा बोलू. सेबीनेच 2024च्या सप्टेंबरात सांगितलंय की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तो खेळ खेळणाऱ्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांतले 93 तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. तुम्ही उरलेल्या सातांत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फ्लॅटच्या हप्त्याला मुलीने माझ्याकडे उसने मागितले, त्याचं कारण दुसरं काही असेल.

पण वाहतूक, तंत्रज्ञान आणि पैसा या तुमच्या तिन्ही विषयांची गाठ कुठे पडते, ते मला निवृत्तीनंतर कळलं. केंद्राने 16 ऑगस्ट 2023ला पीएम ई-बस सेवा मंजूर केली. 10,000 विजेच्या बस, 57,613 कोटींचा खर्च, त्यातले 20,000 कोटी केंद्राचे. शहरांच्या यादीत आपणही आहोत. बस ठेकेदाराची, आणि धावेल त्या किलोमीटरला पैसे शहराने द्यायचे. ठेकेदारांना बॅटरीची चिंता फारशी नव्हती, ॲपची तर नव्हतीच. चिंता एकच, महिन्याचं बिल मिळेल का? म्हणून 2024च्या सप्टेंबरात सरकारला आणखी 3,435 कोटींची योजना करावी लागली. शहराने पैसे थकवले तर या निधीतून ठेकेदाराला द्यायचे आणि मग ते राज्य सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून परस्पर वळते करायचे. तुमच्या फ्लॅटचा हप्ता जसा एक तारखेला खात्यातून आपोआप जातो, तसाच.

मी कॅशियर माणूस, हे वाचून सरळ बसलो. आपण ज्याला तंत्रज्ञानाचा प्रश्न म्हणत होतो, तो सगळा उधारीचा होता. ज्या गिऱ्हाइकाची उधारी वर्षानुवर्षं थकते त्याला दुकानदार माल देत नाही, मग गिऱ्हाइकाच्या हातात कितीही भारी मोबाइल असो. आमच्या परिवहनची पत गेली होती. पगार थकवून, सुटे भाग थकवून, डिझेलचे पैसे थकवून गेली. ती कुठल्या कोडने परत येत नाही, महिन्याच्या महिन्याला बिल भरून येते.

म्हणून एक काम सांगतो, जावयाला सांगायची रीत नाही तरी. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला याल तेव्हा कॅब न करता सकाळी कामगारांच्या वेळेला कुंभारीच्या थांब्यावर जा. मावशींना मी सांगून ठेवतो, त्या जागा धरतील. फोन खिशात ठेवा, वही घ्या, कुठली बस किती वाजता आली ते लिहा, न आलेली पण लिहा. तुमची ती शेवटची फाइल तेवढ्याने खरी भरेल. तिची एक प्रत परिवहन व्यवस्थापकांना द्या, एक आयुक्तांना द्या, आणि दोघांकडे दोनच मागण्या करा, की प्रत्येक थांब्यावर बसच्या वेळा रंगाने लिहून काढा आणि ठेकेदाराचं बिल दर महिन्याला कधी चुकतं केलं ते जाहीर करा. पहिल्याला रंगाचा डबा लागतो. दुसऱ्याला तुमच्यासारखा माणूस लागतो, जो आकडे मांडू शकतो आणि कुणाला भीत नाही. तुम्ही मला भीत नाही, हे मी दिवाळीत पाहिलंच आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सात रस्त्यावर उभा असलेला सासरा

ता. क. हप्त्याचे पैसे मुलीच्या खात्यात पाठवलेत. परत करायची घाई नाही, पण कृपा करून ते ‘एफ अँड ओ’त घालू नका.